केमो-रेडिएशन संपलं, आता पुढे काय? नाशिककर पेशंट आणि घरच्यांसाठी

शेवटची केमो होते किंवा रेडिएशनचा शेवटचा शेक घेऊन पेशंट घरी येतो, त्या दिवशी घरात पेढे येतात. आठ-दहा दिवस फोन खणखणत राहतात. मग मुलं कामावर जातात, बहीण सासरी परतते, शेजारचा डबा थांबतो. आणि नेमका त्याच वेळी पेशंट सगळ्यात जास्त दमलेला असतो. उपचारांचा भार शरीरावर साचत आलेला असतो, तो एकदम उतरत नाही. रेडिएशनमुळे तोंडाची किंवा कातडीची जी आग होते, ती तर शेवटच्या शेकानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढतच राहते. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर घरचे घाबरतात आणि पेशंटला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

आमच्या घरात सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर झाला, पुढे दिरांचा तोंडाचा. दोन्ही आजारपणं आम्ही नाशिकमध्ये राहून काढली. तेव्हापासून ओळखीच्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि तपासणीचा निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचाच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचाच. पण दोन अपॉइंटमेंटच्या मधले जे दिवस घरात काढायचे असतात, त्यांच्याबद्दल मला खूप सांगायचं आहे. पहिलं सांगणं हेच, की बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही लागतं, आणि तेवढा वेळ पेशंटला मिळवून देणं हे घराचं काम आहे.

आधी फाईल पूर्ण करा

हॉस्पिटलमधून निघतानाच हे करा, नंतर कागद मिळवायला हेलपाटे पडतात. डिस्चार्ज कार्ड सगळ्यांना मिळतं, तेवढ्यावर थांबू नका. उपचारांचा पूर्ण गोषवारा मागून घ्या. कॅन्सर कुठला, कुठल्या स्टेजचा, ऑपरेशनमध्ये काय काढलं, केमोची औषधं कोणती आणि एकूण डोस किती, रेडिएशन शरीराच्या कुठल्या भागाला आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) दिलं, एवढं त्यात हवंच. एकूण डोसला महत्त्व आहे. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा परिणाम हृदयावर होऊ शकतो आणि त्याला आयुष्यभराची मर्यादा असते. दहा वर्षांनी दम लागला, तर हृदयाच्या डॉक्टरांना हाच कागद दाखवायचा आहे. बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक कुठे ठेवले आहेत, तेही लिहून घ्या. सगळ्या कागदांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

केमोसाठी छातीत पोर्ट (औषध शिरेत सोडायची कातडीखालची डबी) बसवला असेल, तर तो कधी काढायचा ते विचारा. राहणार असेल, तर ठरावीक आठवड्यांनी फ्लश करावा लागतो, म्हणजे औषधी पाणी सोडून धुवावा लागतो. त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

पहिले तीन-चार आठवडे: थर्मामीटर हाताशी

शेवटच्या केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्यापेक्षा जास्त आला, तर ती इमर्जन्सी समजा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, गोळीने ताप दबतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. रात्री दोन वाजता असला तरी निघा. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, ‘यांची केमो अमुक तारखेला झाली आहे.’ त्या एका वाक्यावर पुढची धावपळ ठरते.

रात्री कुठल्या हॉस्पिटलला जायचं हे दिवसाच ठरवून ठेवा. शहरात राहणाऱ्यांना फार अडचण येत नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मंडळींनी मात्र गाडी कुणाची, चालवणार कोण, 108 ला फोन कोण करणार, हे नक्की करावं. जमलं तर हे तीन-चार आठवडे शहरातल्या नातेवाइकांकडेच काढावेत.

याच काळात लग्न, बारसं, यात्रा टाळा. सिंहस्थाची गर्दी असेल तर नक्कीच. गोदावरीवर स्नानाला न्यायची घरच्यांची फार इच्छा असते, मी ती समजू शकते. पण जखम ओली आहे, पोर्ट किंवा नळी आहे, पेशी कमी आहेत, तोवर रामकुंडात उतरू नये. आणि सप्तशृंगीचा नवस असेल, तर देवी थांबते. सहा महिन्यांनी जा, गडावर वरपर्यंत ट्रॉली आहे, पायऱ्या चढण्याचा हट्ट धरू नका.

थकवा

सगळ्यात जास्त फोन याच विषयावर येतात, आणि घरात सगळ्यात जास्त भांडणंही यावरूनच होतात. ‘रिपोर्ट तर चांगले आले, मग झोपून का राहतोस?’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. कॅन्सरच्या उपचारानंतरचा थकवा झोप काढून जात नाही. आंघोळ करून आलं तरी माणूस बसकण मारतो. वर्तमानपत्राची एक बातमी वाचून होत नाही, ओळखीचं नाव आठवत नाही. बहुतेकांचा हा थकवा हळूहळू कमी होतो, पण महिने जातात, काहींना वर्षापेक्षा जास्त लागतं. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. त्यानंतर वेल उघडीबोडकी दिसते, त्या हंगामात घडाची अपेक्षा कुणी करत नाही, तरी पाणी-खत चालूच ठेवतात, कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणारं पीक त्या काडीवरच उभं राहतं. पेशंटचे पहिले सहा महिने तसे धरा.

आधी डॉक्टरांकडून थकव्याची इतर कारणं तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉईड बिघडलं असेल, दुखण्यामुळे झोप होत नसेल किंवा मन खचलं असेल, तर त्या त्या गोष्टीवर उपाय असतो. मानेला रेडिएशन झालेल्यांनी टीएसएचची (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यायची असते. ती विसरली जाते आणि माणूस वर्षभर उगाच सुस्त राहतो.

मग चालायला सुरुवात करा. हे उलटं वाटेल, पण या थकव्यावर ज्याचा सगळ्यात चांगला उपयोग दिसून आला आहे, तो उपाय म्हणजे हालचाल. सुरुवात गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात करा, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. चार-पाच दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. काही आठवड्यांनी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान गाठा, जमीन सपाट आहे आणि दमलं की टेकता येतं. पांडवलेणीच्या पायऱ्या एवढ्यात नकोत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट बोचरी असते, तेव्हा ऊन चढल्यावरच निघा. आठवड्यातून तीनदा सलग अर्धा तास चालणं जमलं, की एक मोठा टप्पा गाठला म्हणा. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पाण्याची भरलेली बाटली उचलणं.

ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील किंवा कॅन्सर हाडांत गेलेला असेल, तर विचारल्याशिवाय व्यायाम करू नका.

घरातली कामं वाटून घ्या. आंघोळीला स्टूल ठेवा, भाजी बसून चिरा, कपडे धुणं आणि बाजार एकाच दिवशी नको. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून कपाट आवरायला घेतलं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा कालच्यापेक्षा थोडंच जास्त करायचं.

जेवण: साखर बंद करू नका, प्रोटीन वाढवा

व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यांनी मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. आधीच दहा किलो वजन घटलेल्या माणसाचा गूळ-साखर बंद, दूध बंद, भात बंद, आणि ताटात नुसता गव्हांकुराचा रस! कॅन्सरची पेशी साखर वापरते, पण आपल्या सगळ्याच पेशी ती वापरतात. चहातली साखर बंद केल्याने आजार उपाशी मरत नाही. मधुमेह असेल तर पथ्य पाळायचंच, तो वेगळा विषय.

शरीर भरून यायला प्रोटीन लागतं. वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, असा साधारण हिशोब असतो. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. म्हणजे 55 किलोच्या माणसाला 55 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात 6-7, कपभर दुधात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांत 7 च्या आसपास. एवढं दोन वेळच्या जेवणात बसत नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या: मुगाचं धिरडं, दूध घालून नाचणीची खीर, डाळ जास्त घातलेली खिचडी, कढीत सोडलेले गोळे, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. तोंडाला चव नसते, लोखंडासारखं लागतं. तेव्हा लिंबू, आमसूल, कोथिंबीर याने पदार्थ गिळवतो, पण तोंड सोललेलं असेल तर आंबट टाळा. मिसळ तोंड पूर्ण बरं होईपर्यंत लांब. पुढे दह्यात मटकी घालून, तर्री न घेता सुरुवात करा.

द्राक्षं खायला हरकत नाही, भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. पेशी कमी असताना मात्र ज्याची साल काढता येते तेच फळ बरं.

काढे आणि चूर्णं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. भाजीतली हळद आणि हळदीच्या कॅप्सूल यांतही फरक आहे, कॅप्सूल दुसऱ्या गोळ्यांच्या कामात अडथळा आणू शकतात.

तोंडाचा कॅन्सर असेल तर

आपल्याकडे याचे पेशंट फार, म्हणून थोडं सविस्तर. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आवळत जातो. रेडिएशन संपल्यावरही कित्येक महिने हे आवळणं चालू असतं, त्यामुळे आज तोंड उघडतंय म्हणून व्यायाम सोडू नका. उभी धरलेली तीन बोटं दातांमध्ये मावली पाहिजेत. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट थांबायचं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि चार दिवसांनी एक काडी वाढवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. काड्यांची संख्या कागदावर लिहून तो भिंतीवर लावा. कमी व्हायला लागली तर लगेच फिजिओथेरपिस्टला दाखवा. आमच्या दिरांनी तो कागद फ्रीजवर लावला होता आणि त्यांची पुतणी रोज संध्याकाळी काड्या मोजायची.

लाळ कमी होते, दात भराभर किडतात. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसभर चुळा भरा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, जबड्याला रेडिएशन झालेलं असताना दात काढला तर हाड भरून न येता सडू शकतं. गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात दुखरा दात उपटून मोकळं व्हायचं नाही. रेडिएशनचा कागद घेऊन जा आणि आधी ऑन्कोलॉजिस्टला फोन करा. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळण्याचं प्रशिक्षण देणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांना गाठा.

तंबाखू, गुटखा, मिश्री पुन्हा सुरू होते, हे मी पाहिलं आहे. आजारपण संपतं, रिकामा वेळ असतो, जुने मित्र कट्ट्यावर बोलावतात. ओरडून ती सुटत नाही. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाईनवर फोन करून समुपदेशन मोफत मिळतं. घरात दुसरं कुणी खात असेल, तर त्यानेही त्याच दिवशी सोडायची.

हातापायांकडे लक्ष

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. कधी दोन महिन्यांत, कधी काही वर्षांनी. पहिली खूण बांगड्यांवरून कळते. त्या हाताच्या बांगड्या घट्ट होतात, ब्लाउजची बाही रुतते, हात जड वाटतो. तेव्हाच दाखवलं तर सूज आटोक्यात राहते. सुया, ओरखडे, भाजणं यांपासून हात जपा, कातडीला तेल किंवा क्रीम लावा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. मालिश करणाऱ्या कुणाकडेही नेऊ नका, या सुजेचं मालिश वेगळं असतं, ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टनेच करायचं. पण हात गळ्यात बांधून ठेवल्यासारखा वापरायचाच नाही, असंही नको. भिंतीवर बोटांनी वर चढणं, हलकं वजन हळूहळू वाढवत उचलणं हे चांगलंच.

पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी तळपाय-तळहात बधिर होतात, मुंग्या येतात. केमो थांबल्यावरही पहिले दोन-तीन महिने हा त्रास वाढू शकतो, नंतर बहुतेकांचा ओसरतो. पायाला चटका कळत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी काळाराम मंदिरात किंवा त्र्यंबकेश्वरी अनवाणी प्रदक्षिणा नको, सकाळी लवकर जा. आंघोळीचं पाणी कोपराने बघा. रोज रात्री तळपाय उजेडात तपासा. पायात पकड नसेल तोवर स्कूटर चालवू नका.

केस शेवटच्या केमोनंतर दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतात. सुरुवातीला कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे आले तर घाबरू नका.

तपासणीच्या तारखा आणि मुंबईची वारी

पहिली दोन-तीन वर्षं तपासणी दर काही महिन्यांनी असते, मग अंतर वाढतं. कुणाला किती दिवसांनी, हे कॅन्सरवर अवलंबून आहे. शेजारणीशी तुलना करू नका. स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षातून एकदा मॅमोग्राफी लागते, पण काही त्रास नसताना दरवेळी पीईटी स्कॅन (पूर्ण शरीराचा स्कॅन) करावा अशी शिफारस नाही. ‘एकदा सगळं स्कॅन करून टाकू’ असा आग्रह घरचेच धरतात, त्यात पैसा आणि झोप दोन्ही जातं. मात्र नवी गाठ, कुठूनही रक्त जाणं, तीन आठवडे न थांबणारा खोकला किंवा दुखणं, कारण नसताना वजन घटणं, यांतलं काही झालं तर तारखेची वाट न बघता दाखवा.

आता नाशिकमध्ये कॅन्सरची चांगली सोय आहे, शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयापासून खासगी हॉस्पिटलपर्यंत. तरी अनेकांचा फॉलो-अप परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असतो. तिथल्या डॉक्टरांना विचारा, रक्ताच्या तपासण्या नाशिकला करून आणल्या तर चालतील का? चालत असेल तर एक फेरी वाचते. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ जवळ आहे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचार आणि तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये 75 टक्के सवलत मिळते. सोबतच्या एका माणसालाही सवलत असते. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

पैसा आणि नोकरी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ईएसआयसीमध्ये (कामगार राज्य विमा) नाव असेल, तर आजारपणाच्या नेहमीच्या 91 दिवसांनंतर कॅन्सरसाठी वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो, पगाराच्या 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी आधीची सलग दोन वर्षं विमाधारक नोकरी लागते. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात चौकशी करा. कितीतरी जण हे माहीत नसल्यामुळे अंगात ताकद नसताना शिफ्टला उभे राहतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पुढचे उपचार बसतात का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, हेल्पलाईन 155388. स्वरयंत्र काढून कायमचा आवाज गेला असेल, तर दिव्यांग कायद्यात त्याचा समावेश आहे, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्र) अर्ज करा.

कामावर परतताना आधी अर्धा दिवस किंवा हलकं काम मागा, डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. बोटं बधिर असतील तर प्रेस आणि लेथ मशीनपासून लांब राहा. बागायतदारांनी पहिला हंगाम फवारणी दुसऱ्याकडे द्यावी.

मनाचं

तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. चिडचिड होते, जेवण जात नाही. हे जवळजवळ सगळ्यांना होतं. घरच्यांनी ‘काही होत नाही’ म्हणून विषय उडवू नये, सोबत बसावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 हा टेली मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. ऑन्कोलॉजिस्टलाही सांगा, त्यावर औषध असतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. ओपीडीत गर्दी असते, पाच मिनिटांत नंबर संपतो आणि मनातली गोष्ट मनातच राहते. लघवी रोखता येत नाही, शौचाच्या पिशवीचा वास येतो, नवरा-बायकोचे संबंध दुखतात, पाळी जाईल का, मूल होईल का, हे प्रश्न लाजेपायी शेवटी ठेवले जातात आणि विचारायचे राहून जातात. ते कागदावर सगळ्यात वर लिहा. तोंडाने बोलवत नसेल, तर कागद तसाच डॉक्टरांच्या हातात द्या.